जड शब्द, हलके आजार

मराठी माणसाच्या बाबतीत नुसता अवयव असणं हाच आजार असतो. "मला थायरॉईड आहे," असं लग्नाच्या पंगतीत एखादी बाई सांगते आणि शेजारची हातातला घास थांबवून "अगं बाई! कधीपासून?" म्हणते. खरं उत्तर 'जन्मापासून' असं आहे. गळ्याच्या पुढच्या भागात बसलेली ही ग्रंथी पंगतीतल्या सगळ्यांनाच आहे, वाढप्यालाही आहे. पण हे कोणी बोलून दाखवत नाही, कारण दोघींना जे समजायचं ते समजलेलं असतं : ग्रंथी आळसावली आहे, वजन वाढतंय आणि सकाळी अनशापोटी गोळी घेतल्यावर अर्धा तास चहा पिता येत नाही. यातली पहिली दोन दुःखं डॉक्टरांना सांगायची आणि तिसरं जगाला.

याच न्यायाने कोणाला 'अपेंडिक्स झालेलं' असतं, पोरांना दर पावसाळ्यात 'टॉन्सिल्स होतात' आणि आजोबांना 'प्रोस्टेट' असतं. या प्रोस्टेटचं नाव घरात साठीनंतर पहिल्यांदा उच्चारलं जातं, तेही सुनेचं लक्ष नाही असं बघून. 'तुम्हाला बीपी आहे का?' या प्रश्नाला 'आहे' हे एकच सुरक्षित उत्तर आहे. 'अजिबात नाही' म्हणणाऱ्याची नाडी बघावी. 'शुगर'चंही तेच. ती मुळीच नसलेला माणूस हे वाक्य बोलायला शुद्धीवर राहणार नाही. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे 'मला सर्व्हायकल आहे.' सर्व्हायकल म्हणजे मानेचं. गळ्याला जाड पट्टा बांधून, अख्खं धड वळवून हा गृहस्थ आपल्याला गंभीर चेहऱ्याने सांगत असतो की त्याला मान आहे.

बोलण्याच्या या तऱ्हेवर हसून विषय सोडून देता आला असता. पण त्यात एक घोळ आहे. आपण आजाराचं वजन शब्दाच्या वजनावरून ठरवतो. जोडाक्षरं जास्त, तर आजार मोठा. एखादं लांबलचक ग्रीक नाव कानावर पडलं की घरातले सगळे एकमेकांकडे बघतात, गावाकडे फोन जातात, पुण्याच्या मुलीला 'जमलं तर येऊन जा' असं सांगितलं जातं. आणि 'जरा गॅस धरलाय' म्हटलं की ओवा चावून मॅच पुढे सुरू. दवाखान्याच्या बाकावर बसून, शेजाऱ्यांनी आग्रहाने हातात दिलेले रिपोर्ट वाचता वाचता मला मात्र उलटाच नियम सापडला आहे. जड शब्दाखाली बहुधा हलका आजार असतो. घाबरायचंच असेल तर हलक्या शब्दाला घाबरावं.

पुरावा म्हणून त्याच पट्टेवाल्या मानेचा एक्स-रे घ्या. रिपोर्टात लिहिलेलं असतं : स्पॉन्डिलोसिस, डिजनरेटिव्ह चेंजेस, ऑस्टिओफाइट्स, लॉस ऑफ लॉर्डोसिस. चार ओळींत चार राक्षस. आता हे राक्षस एकेक करून मराठीत उतरवा. मणक्यांची झीज झाली आहे. झीज झाली आहे, हे पुन्हा एकदा. हाडांच्या कडांना बारीक कोंभ फुटलेत. मानेचा मूळचा बाक थोडा कमी झालाय. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये हे सगळं किंवा यातलं बरंचसं दिसतं, मग त्याची मान दुखत असो की नसो. म्हणजे रीतसर पैसे मोजून, श्वास रोखून, मशीनपुढे हनुवटी वर करून आपण जे लिहून आणलं ते आधार कार्डावर आधीच छापलेलं होतं : तुमचं वय झालं आहे.

दुसरा धाक 'इडिओपॅथिक'चा. या शब्दाचा दरारा असा की तो ऐकून लोक डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारत नाहीत. खरं तर पुढचा प्रश्न विचारू नये म्हणूनच तो बनवला असावा, अशी मला शंका आहे. कारण त्याचा साधा अर्थ 'का झालं ते कळत नाही' एवढाच आहे. घरच्या डॉक्टरांनी 'काही कळत नाही बुवा' म्हटलं तर आपण दुसरा डॉक्टर गाठतो. मोठ्या डॉक्टरांनी तेच ग्रीकमध्ये म्हटलं की आपण मान डोलावतो आणि बाहेर येऊन 'निदान झालं एकदाचं' असं म्हणतो. तापाचंही असंच. पेशंट सांगतो, "डॉक्टर, ताप आहे, कशाने येतोय ते कळत नाही." डॉक्टर केसपेपरवर लिहितात, 'पीयूओ', म्हणजे पायरेक्सिया ऑफ अननोन ओरिजिन, म्हणजे ताप आहे, कशाने येतोय ते कळत नाही. हा शब्द वापरायलाही खरं म्हणजे नियम आहेत. १९६१ साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं की ताप तीन आठवड्यांहून जास्त टिकला, पुन्हा पुन्हा ३८.३ अंश सेल्सियसच्या वर गेला आणि आठवडाभर इस्पितळात तपासण्या करूनही कारण सापडलं नाही, तरच हे नाव द्यायचं. आपल्याकडे ते पहिल्या दिवशी, थर्मामीटर झटकता झटकता दिलं जातं.

'बीपीपीव्ही' हे आणखी एक घाबरवणारं प्रकरण. सकाळी कुशीवर वळताच घर गरगर फिरतं, पंखा भिंतीवर येतो, पोटात ढवळतं. माणूस मनातल्या मनात मृत्युपत्राची भाषा जुळवू लागतो. निदान येतं बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. यातला पहिला शब्द सांगतो की जिवाला धोका नाही. दुसरा सांगतो की अधूनमधून झटका येतो. तिसरा सांगतो की डोकं एका ठरावीक बाजूला वळवलं की येतो. चौथा सांगतो की चक्कर येते. चारांपैकी तीन गोष्टी पेशंटने स्वतःच सांगितलेल्या होत्या. डॉक्टरांनी भर घातली ती पहिल्या शब्दाची, आणि खरी फी त्याचीच. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात. ते जागा सोडून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की मेंदूला आपण फिरतोय असा भास होतो. जाणकार डॉक्टर पेशंटला टेबलावर आडवं करून डोकं एका क्रमाने वळवतात, कण परत ठिकाणावर जातात, आणि पुष्कळदा माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो. घरी मात्र अजून कोणाचा विश्वास बसत नाही, कारण औषधाची पिशवी हातात नसते.

'अक्यूट' आणि 'क्रॉनिक' या जोडीने तर कितीतरी संसारांत गैरसमज पेरले आहेत. आपला समज असा, की अक्यूट म्हणजे गंभीर आणि क्रॉनिक म्हणजे फारच गंभीर. हे शब्द तीव्रतेचे नाहीतच, घड्याळाचे आणि कॅलेंडरचे आहेत. अक्यूट म्हणजे अचानक उपटलेलं, थोड्या दिवसांचं. क्रॉनिक म्हणजे जुनाट, मुक्कामाला आलेलं. साधी सर्दीही अक्यूट असते आणि वर्षानुवर्षांचा खाजरा इसब क्रॉनिक असतो. वाक्यात उपयोग करून दाखवायचा तर मे महिन्यात चार दिवस आलेले पाहुणे अक्यूट, आणि मुंबईत खोली मिळेपर्यंत राहायला आलेला भाचा क्रॉनिक.

रिपोर्टांची भाषा हा तर स्वतंत्र प्रांत आहे. तिथे चांगल्या गोष्टीला वाईट आणि वाईट गोष्टीला चांगलं म्हणतात. आयुष्यभर 'पॉझिटिव्ह राहा' हे ऐकून दमलेल्या माणसाला लॅबमध्ये निगेटिव्ह निघाल्याबद्दल पेढे वाटावे लागतात. हे उलटं गणित कोविडच्या साथीत शाळकरी पोरांनाही पाठ झालं. एवढा एक शब्द सोडला, तर बाकीचा प्रांत अजून अंधारातच आहे. सोनोग्राफीत लिहिलेलं असतं, 'लिव्हर अनरिमार्केबल.' म्हणजे यकृतात उल्लेख करण्यासारखं काही नाही. हे वाचून एका काकांचा चेहरा पडला होता. नोकरीच्या गोपनीय अहवालात आयुष्यभर हेच वाचलं, निदान यकृताने तरी काही करून दाखवायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. 'एनएडी' म्हणजे नो अबनॉर्मॅलिटी डिटेक्टेड, बिघाड आढळला नाही. 'ग्रॉसली नॉर्मल' म्हणजे ढोबळमानाने ठीक. ग्रॉस म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. आणि रिपोर्टाच्या तळाशी जाड अक्षरांत एक वाक्य हमखास असतं : 'क्लिनिकल कोरिलेशन ॲडव्हाइज्ड.' लोकांना वाटतं, ही आणखी एक महागडी टेस्ट. काहीजण लॅबमध्ये फोन करून तिचा दरही विचारतात. ती टेस्ट नाही. फोटो काढणारे डॉक्टर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विनवत असतात की मी चित्र पाहिलं आहे, आता तुम्ही कृपया माणूसही पाहा.

औषधाच्या चिठ्ठीवर अजून लॅटिन राज्य करतं. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एचएस' झोपताना. 'एसओएस' वाचून मात्र लोकांच्या डोळ्यांपुढे बुडणारं जहाज येतं. त्याचा अर्थ 'गरज पडली तर' इतकाच आहे, आणि ती गोळी बहुधा साध्या तापाची किंवा अंगदुखीची असते. औषधांची नावं जेनेरिक, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये केला. त्यानंतरही आपल्याकडे चिठ्ठीचं अधिकृत वाचन केमिस्टच्या काउंटरवरच होतं. तो कात्रीने गोळ्यांची पट्टी कापतो, पाकिटावर १-०-१ असे आकडे घालतो आणि 'जेवून' म्हणतो. एवढ्या एका शब्दात जगातल्या कुठल्याही विद्यापीठाला जमलं नाही इतकं वैद्यकीय मराठी आहे.

आता आपल्या घरच्या कोशाकडे वळू, कारण तोही काही कमी नाही. दुखण्याच्या बाबतीत तर तो श्रीमंत आहे. डॉक्टर विचारतात, "शून्य ते दहापैकी किती दुखतंय?" आजी या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून सांगते : काल नुसती कणकण होती, रात्री अंग मोडून आलं, पहाटे पोटरीत गोळा आला, आता पाठीत उसण भरलीय, दाढ ठणकतेय, बोट ठसठसतंय, डोळे चुरचुरतायत आणि छातीत मधूनच चमक निघते. यातल्या प्रत्येक शब्दाचं दुखणं वेगळं आहे. ठणका सलग असतो, चमक येऊन जाते, ठसठस नाडीच्या तालावर चालते, आणि उसण भरली म्हणजे स्नायू आकडून बसलाय. दुखण्याचं असं शब्दांनी मोजमाप व्हावं म्हणून कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनेचे ७८ शब्द गटवार लावलेले आहेत आणि आजही ती वापरली जाते. कोकणातल्या एखाद्या ओटीवर दुपारी चार म्हाताऱ्या जमवल्या असत्या तर हे काम चहाच्या खर्चात झालं असतं.

पण आपला कोश दुखणं 'कसं' ते सांगण्यात जितका पटाईत, तितका ते 'कशाचं' हे सांगण्यात गडबडतो. 'पित्त' हा शब्द घ्या. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आले, तर ते पित्त. अंगावर लाल गांधी उठून खाज सुटली, तर तेही पित्त. डोकं दुखून उलटी झाली, तर पित्त पडलं. सोनोग्राफीत खडे निघाले, तर ते पित्ताशयाचे. शिवाय आयुर्वेदातलं पित्त वेगळंच, ते या सगळ्यांच्या वर बसून कारभार बघतं. जळजळीचा मामला जठरातल्या आम्लाचा आहे. अंगावरच्या गांधी हा ॲलर्जीच्या घराण्यातला प्रकार, त्यात शरीर हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं. म्हणून पहिल्याची गोळी दुसऱ्यावर चालत नाही. आणि खरोखरचं पित्त, म्हणजे यकृतात तयार होणारा तो कडू हिरवट-पिवळा रस, वरच्या पहिल्या दोन भानगडींत कुठेच नसतो. त्याला बिचाऱ्याला चरबी पचवण्याचं काम आहे. केमिस्ट मंडळींनी या प्रश्नावर तोडगा काढलेला आहे. 'पित्ताची गोळी द्या' म्हटलं की ते मान वर न करता विचारतात, "पोटातलं की अंगावरचं?" तीन शब्दांत निदान. आमसुलाचं पाणी मात्र घरोघर दोन्हींवर चालतं, एकावर पिऊन आणि एकावर चोळून.

घरच्या कोशातली सर्वांत नाट्यपूर्ण नोंद 'नागीण' ही. अंगाच्या एका बाजूला आग होते, मग पुरळाचा पट्टा उठतो आणि तो कमरेभोवती सरकू लागतो. तिचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस संपला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं आहे. त्यामुळे घरातलं कोणीतरी रोज सकाळी अंतर मोजतं. डॉक्टर हिला हर्पिस झोस्टर म्हणतात, आणि 'हर्पिस' ऐकून काही घरांत नागिणीपेक्षाही मोठा फूत्कार निघतो, नवऱ्याची उलटतपासणी सुरू होते. ती थांबवावी. हा लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात, प्रतिकारशक्ती ढिली पडली की एका मज्जातंतूची वाट धरून बाहेर येतो. आता त्या तोंडाशेपटीबद्दल. मणक्यातून निघणारी प्रत्येक नस शरीराची फक्त एकच बाजू सांभाळते. मध्यरेषा आली की तिची हद्द संपते. म्हणून पट्टा सहसा अर्ध्यावरच थांबतो. नागीण उतरवणाऱ्यांना इतकं हमखास यश का मिळतं, याचंही उत्तर यातच आहे : जी गाठ बहुधा पडणारच नव्हती ती पडू दिली नाही म्हणून ते नारळ घेतात. मधल्या काळात खऱ्या औषधाची वेळ निघून जाते, कारण विषाणूवरची औषधं पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात. पुरळ डोळ्याजवळ असेल, तर तेवढीही वाट बघू नये.

इंग्रजी कोशाची मिजास मात्र निराळी. तिकडे आजारालाही उद्योग चांगला लागतो. भातलावणीत दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या, चिरल्या, की आपण म्हणतो चिखल्या झाल्या. बेचक्यांत बुरशी धरली की तिकडचं नाव 'ॲथलीट्स फूट'. जन्मात धावला नाही असा माणूसही पायाला मलम लावून घेतल्यावर ताठ चालतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूची शीर दुखते त्याला 'टेनिस एल्बो' म्हणतात. आपल्याकडे तो होतो पोळ्या लाटून, चादरी पिळून आणि दुचाकीचा क्लच दाबून. बहुतेक रुग्णांनी रॅकेट वापरलेली असते ती डास मारायची.

आता नियमाचा दुसरा भाग, म्हणजे ते हलके शब्द.

पहिला मान 'गॅस'चा. मराठी माणसाच्या छातीत काहीही झालं तरी आधी गॅसच होतो. छातीवर दडपण आलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, दरदरून घाम फुटला, धाप लागली, तरी घरात पहिला प्रश्न विचारला जातो, "रात्री वांगं खाल्लंस का?" मग हिंग येतो, सोडा येतो, पाठीवर थापट्या मारणारा शेजारी येतो; डॉक्टर तेवढे येत नाहीत, कारण 'एवढ्यासाठी कशाला'. हे सगळं गॅसनेही होऊ शकतं, यात वाद नाही. पण गॅस आहे की हृदय, हे ओव्याला कळत नाही, ईसीजीला आणि रक्ततपासणीला कळतं. मधुमेहींना तर झटका फारसं न दुखताही येऊ शकतो. अशा वेळी १०८ ला फोन करून शेवटी गॅसच निघाला, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चार दिवस घरचे चिडवतील, आणि चिडवून घ्यायला आपण असू.

त्यातून निघालाच झटका, तर पाठोपाठ येतो 'माइल्ड अटॅक'. मराठी समाजात कोणालाही माइल्डपेक्षा मोठा अटॅक आलेला मी ऐकलेला नाही. मोठा आलेल्यांची बातमी वेगळ्या पानावर असते. माइल्ड म्हटलं की तिसऱ्या आठवड्यात गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना दिसतात आणि गोळ्या 'आता कशाला' म्हणून बंद होतात. हृदयाचा जो तुकडा रक्ताविना मेला तो छोटा असेल, पण तो माइल्डपणे मेलेला नसतो. इथेच तीन सख्खे वाटणारे शब्द वेगळे करून ठेवू. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली. हृदय चालू असतं. कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपाचं काम एकाएकी बंद पडलं. इथे मिनिटांचा हिशोब असतो आणि छाती दाबायला लगेच सुरुवात करावी लागते. हार्ट फेल्युअर म्हणजे पंप चालू आहे, पण अशक्त झालाय. नाव सगळ्यांत भयंकर, तरी औषधांवर माणूस वर्षानुवर्षं नातवंडांना रागावत जगू शकतो. वर्तमानपत्रांनी मात्र 'हृदयक्रिया बंद पडून निधन' असं छापण्याचा वसा घेतला आहे. ती चालू ठेवून कोणाचं निधन झाल्याचं अजून वाचनात नाही.

तिसरा शब्द 'जराशी'. 'जराशी शुगर आहे', 'बॉर्डरवर आहे'. ही बॉर्डर ओलांडायला माणसं दहा-दहा वर्षं घेतात, आणि त्या काळात सणावारी तिच्यावरून श्रीखंडाची ने-आण चालू असते. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करायचं, फास्टिंग सुरेख आणायची, आणि लॅबच्या दारातच जिलेबीचं दुकान गाठायचं, हा खेळ वर्षानुवर्षं चालला. मग एचबीएवनसी नावाची तपासणी आली. फास्टिंग म्हणजे पाहुणे येणार म्हणून आवरलेला दिवाणखाना. एचबीएवनसी म्हणजे न सांगता उगवून थेट फ्रिज उघडणारी आत्या. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि रक्तातली साखर त्यांना चिकटत राहते. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांत काय काय झालं याची सरासरी तीत निघते. ५.७ ते ६.४ टक्के असेल तर ती 'जराशी', ६.५ किंवा त्याहून वर मधुमेह, मग घरात त्याला काहीही म्हणा.

बीपीच्या बाबतीत तर खुद्द डॉक्टरांच्याच गोड शब्दाने घात केला होता. १२०/८० यातला वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा आणि खालचा ते सैल पडतानाचा. १२० म्हणजे पाऱ्याचा स्तंभ १२० मिलिमीटर उचलून धरेल एवढा दाब. दवाखान्यात पुन्हा पुन्हा मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून वर राहिला की उच्च रक्तदाब म्हणतात. दहातल्या नऊजणांच्या बाबतीत त्याला एक असं कारण सापडत नाही, आणि अशा दाबाला 'इसेन्शियल' म्हणायची रीत पडली. वाहिन्या कडक झाल्यावर रक्त पुढे ढकलायला हा वाढीव दाब आवश्यकच आहे, मग तो कमी कशाला करा, असं जुन्या काळी मोठमोठ्या डॉक्टरांचं मत होतं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब वर्षानुवर्षं चढत गेला; १२ एप्रिल १९४५ रोजी, मेंदूत रक्तस्राव झाला त्या दिवशी तो ३००/१९० भरला होता. तो 'आवश्यक' नव्हता, हे कळायला जगाला पुढे बरीच वर्षं लागली. नाव मात्र अजून चिठ्ठ्यांवर आहे.

आणि शेवटचा हलका शब्द, 'गेलं ते'. "काल तोंड जरा वाकडं झालं होतं, हात जड पडला होता, बोबडी वळली होती; दहा मिनिटांत गेलं ते!" हे आनंदाने सांगितलं जातं, वर आणखी एक चहा होतो. मेंदूतल्या वाहिनीत गुठळी अडकून सुटली की असं होतं, आणि ती मोठ्या झटक्याची आगाऊ नोटीस असू शकते. त्यामुळे हे गेलं तरी लगेच दवाखाना गाठायचा. न गेलं, तर गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. 'सकाळपर्यंत बघू' हे वाक्य त्या हिशोबात बसत नाही.

मग साध्या भाषेत विचारायला काय हरकत आहे? डॉक्टरांपुढे बसून 'म्हणजे काय झालंय, म्हणजे किती झालंय, आणि म्हणजे आता मी काय करायचं' हे तीन प्रश्न विचारले की निम्म्या राक्षसांची हवा निघते. उत्तर मिळालं की ते आपल्या शब्दांत त्यांना परत सांगावं. बरोबर समजलं की नाही ते तिथल्या तिथे कळतं. बहुतेक डॉक्टरांना हे आवडतंही. तरी आपण विचारत नाही. याचं खापर डॉक्टरांच्या घाईवर फोडण्याची पद्धत आहे, पण मला वाटतं जड शब्द आपल्यालाही हवा असतो. 'मान दुखते' म्हणणाऱ्याला ऑफिसात कोणी विचारत नाही. 'स्पॉन्डिलोसिस' म्हणताच खुर्ची बदलून मिळते. 'चक्कर येते' म्हणणाऱ्या बाईला 'पाणी पी' असं सांगतात. 'व्हर्टिगो' म्हटलं की सून कुकर लावते. शिवाय जड शब्दाचा मोठा फायदा असा, की तो आपल्याकडून काहीच मागत नाही. फॅटी लिव्हर ग्रेड वन हे निदान फाइलला लावून ठेवता येतं, चारचौघांत सांगता येतं, त्यावर सहानुभूतीही मिळते. तेच मराठीत विचारायला गेलं, तर डॉक्टर चश्मा काढून सांगतात, "काका, यकृतात चरबी साठलीय. वजन उतरवा, रोज पाऊण तास चाला, तळलेलं बंद." एवढं स्पष्ट मराठी ऐकायला आपण काही पाचशे रुपये देऊन आलेलो नसतो. ते तर बायको रोज फुकट सांगते.